ऐरणीखालची हळद

एप्रिलची दुपार. पुसेगावच्या एका शेतात शिजवलेली हळद उन्हात पसरलेली आणि बांधावर शेतकरी मोबाईल धरून उभा. अंदाज सांगतो, हिंगोली जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस. तुरळक म्हणजे आपलं शेत की शेजाऱ्याचं?

हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. हिशेब चोख आहे. त्यात त्याचं शेत मात्र कुठंच नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा मंगळवार-शुक्रवारचा सल्लाही तो वाचतो. माल झाकून ठेवा, ठीक. पण हळद वाळायला दहा-पंधरा दिवसांचं ऊन लागतं, आणि ताडपत्रीखाली ती घाम धरते.

म्हणून तो वर बघतो.

सकाळी पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ होते. ते हिमकणांचे, फार उंचावरचे. त्यांची लगेच भीती नाही. ढगांना अशी शास्त्रीय नावं दिली ती ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषध बनवणाऱ्यानं, १८०२ साली. गावात एका शब्दावर भागतं: आभूट.

आता मावळतीला फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एकच ढग वर चढत होता. बघता बघता त्याचा माथा सपाट झाला, लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला. क्युम्युलोनिंबस. वीज, गारा, सगळं याच्याच पोटात.

वारा गार झाला. ओल्या मातीचा वास आला, पण कुणाच्या रानातून ते कळेना. ताडपत्रीचं एक टोक दगडाखाली दाबून, दुसरं हातात धरून तो तसाच उभा राहिला.