दुरून दाखविलेले तोंड

चौतीस वर्षे आम्ही पोरांची तोंडे बंद करण्यात घालविली. आपलेच तोंड उघडून कोणास दाखवावे लागेल, हे ध्यानीमनीही नव्हते. गतवर्षी श्रावणात जिभेच्या डाव्या कडेस एक व्रण झाला. खालची दाढ तुटून तिला धार आली होती, ती तेथे घासत असे. आम्ही मात्र सारा दोष उष्णतेच्या माथी मारून जाईचा पाला चावला, तूप लावले आणि महिना काढला. आमटीच्या पहिल्या घोटास आमचा चेहरा कसा होतो, हे सौभाग्यवती रोज पाहत होत्या. अखेर त्यांनीच पुण्यास आमच्या पुतणीस कळविले. ती दंतवैद्य आहे.

कोकणातून भर पावसात घाट चढून पुण्यास जाणे आम्हांस नको होते, म्हणून फोनवरच तोंड दाखवावयाचे ठरले. २०२० च्या साथीत असा दुरून सल्ला घेणे घरोघर रूढ झाले. सरकारनेही त्या वर्षीच्या एप्रिलात ई-संजीवनीची घरबसल्या सल्ल्याची सोय सुरू केली. आमच्या ओटीवर तो एक सोहळाच झाला. नातवाने विजेरी धरली, सुनेने चमच्याच्या दांड्याने गाल बाजूस केला, धाकटे बंधू मागून वाकून पाहू लागले. पहिली दोन छायाचित्रे हलली. तिसऱ्यात लाळेच्या चकाकीपलीकडे काही दिसेना. मग पुतणीच्या सांगण्यावरून जीभ स्वच्छ फडक्याने टिपून आम्ही दारातल्या उजेडात बसलो, तेव्हा व्रण स्पष्ट उमटला. एवढ्यात ती म्हणाली, "काका, गालाच्या आतही एक पांढरा चट्टा दिसतो. आता तीन बोटे उभी करून तोंडात घाला पाहू." दोन गेली, तिसरे अडले.

"काका, सुपारी किती खाता?"

"जेवणानंतर एखादे खांड," आम्ही म्हणालो.

ओटीवर सर्व स्तब्ध झाले. सौभाग्यवती आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या. "हा डबा श्रीवर्धनी रोठ्याने महिन्यातून दोनदा भरावा लागतो, हेही तिला सांगा." खोटे बोलल्याबद्दल ज्याने शेकडो मुले बाकावर उभी केली, त्या मास्तराची त्या क्षणी नातवासमोर काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

प्राचीन वैद्यांनी रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन व प्रश्न अशी त्रिविध सांगितली आहे. सुश्रुताने मुखरोग पासष्ट मोजले, ते काही दुरून पाहून नव्हेत. फोनने दर्शन घडते. प्रश्नही विचारता येतात, परंतु उत्तर देणारा आमच्यासारखा असला तर त्यांचा उपयोग किती? आणि स्पर्शन तर मुळीच नाही. पुतणीने हे स्पष्टच सांगितले. "व्रण दिसतो, पण त्याची कड मऊ की कठीण, मानेत गाठ आहे की नाही, हे बोटानेच कळते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला व्रण मी फोनवर सोडणार नाही. उद्याच तालुक्याला जा." फोन केला म्हणजे जाणे टळले, असा आमचा हिशेब होता. तिने भिडेखातर एखादे मलम सांगितले असते, तर आम्ही आनंदाने आणखी दोन महिने घरी बसलो असतो.

तालुक्याच्या दंतवैद्यांनी दाढेची धार घासली व कड चाचपून पाहिली; त्यांच्या टेबलावरच्या फोनातून पुतणी पाहत होती. बोट एकाचे, डोळा दुसऱ्याचा, असा तो योग होता. बारा दिवसांत व्रण भरला. पांढरा चट्टा मात्र होता तसाच राहिला. त्यासाठी पुण्यास जाऊन गालातला लहानसा तुकडा तपासणीस द्यावा लागला. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोगास कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २००४ सालीच प्रसिद्ध केले आहे, ही माहिती त्या आठ दिवसांत कोणीतरी आम्हांस वाचून दाखविली. ते आठ दिवस आम्ही रामरक्षाही धड म्हणू शकलो नाही. मध्येच ओळ विसरत असे.

अहवाल आला. कर्करोग नाही, परंतु पेशी बदलू लागल्या आहेत, म्हणून लक्ष ठेवावयास हवे. आता दरमहा त्याच दारात, त्याच उजेडात छायाचित्र काढून पुतणीस पाठवितो. मागच्याशी ती ताडून पाहते, आणि तिने बोलाविले की निमूटपणे घाट चढतो. तोंड अजून अडीच बोटेच उघडते. ते पूर्ववत होईल, असे तिने सांगितलेले नाही.

अडकित्ता माळ्यावर गेला. डब्यात बडीशेप असते. पूजेपुरती सुपारी तेवढी घरात येते, आणि ती मोजून आणण्याचे व मोजून परत ठेवण्याचे काम सौभाग्यवतींनी आपल्याकडे घेतले आहे.