आतां कीं मागाहून?

विकत घेण्याच्या वस्तूंचे दोन वर्ग पडतात. तांदूळ, छत्री, औषध या वस्तू गरज पडली कीं घ्याव्याच लागतात. तेथें विचारास फारसा वाव नसतो. दुसऱ्या वर्गांतील वस्तूंची गोष्ट निराळी. त्या आज घेतल्या तरी चालतें, उद्यां घेतल्या तरी चालतें, आणि उद्यां घेतल्यास त्याच पैशांत अधिक चांगली वस्तु मिळेल ही आशा मनास सारखी खुणावीत असते. संगणकाचा प्रोसेसर हा या दुसऱ्या वर्गाचा राजा होय. त्यांतही तो खेळाकरितां घ्यावयाचा असला म्हणजे गरज आणि हौस यांची सीमा इतकी पुसट होते, कीं विचार करणारा मनुष्य महिनेचे महिने उंबरठ्यावरच उभा राहतो.

आमच्या घरीं हा प्रश्न २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टींत निघाला. मुलगा तेव्हां अकरावींत होता. २०१८ सालीं असेंबल करून घेतलेला आमचा संगणक एएमडी कंपनीच्या रायझेन ५ २६०० या प्रोसेसरवर चालत असे. मुलास ‘सिटीज स्कायलाइन्स’ या नगररचनेच्या खेळाचा नाद. आणि भूगोल शिकविणाऱ्या त्याच्या बापास त्यांत कमी गोडी होती असें मी म्हणणार नाहीं. फिनलंडांत तयार झालेला हा खेळ २०१५ सालीं निघाला. त्यांत रस्ते आंखावयाचे, नळ व वीज पुरवावयाची, वस्ती वाढवावयाची. नगर लहान आहे तोंपर्यंत सारें सुरळीत चालतें. परंतु वस्ती वाढली म्हणजे नागरिकांनीं कोठें जावें व कोणत्या वाटेनें जावें याचा हिशेब यंत्रास क्षणोक्षणीं करावा लागतो. आमच्या नगराची वस्ती लाखाच्या घरांत जातांच तेथील गाड्या चिखलांतून चालल्यासारख्या चालूं लागल्या.

अशा वेळीं घाईनें बाजार गांठण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: अडतें कोठें? पडद्यावरील चित्र काढण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. पण त्या चित्रांत कोणी कोठें असावें हें ठरविण्याचें काम प्रोसेसरचें. सेकंदास ६० चित्रें हवीं असलीं तर प्रत्येक चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यांत हिशेब पुरा झाला नाहीं, तर चित्रकार कितीही तरबेज असला तरी हातांत कुंचला धरून बसून राहतो. मुलानें खेळ चालूं असतां रेझोल्यूशन कमी करून पाहिलें. चित्रकाराचें काम हलकें झालें, पण गति मुळींच वाढली नाहीं. अर्थात् अडचण चित्रकाराची नसून हिशेबनिसाची होती.

औषध कळलें, पण कोणतें व केव्हां, हा वाद उरला. एएमडीनें रायझेन ७ ९८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर ऐन दिवाळींत, ३१ ऑक्टोबर रोजीं, जाहीर केला. ७ नोव्हेंबरपासून तो विक्रीस येणार होता व त्याची अमेरिकेंतील किंमत ४७९ डॉलर होती. उलट पक्षीं, त्याच वर्षाच्या आरंभीं २४९ डॉलर किंमतीस निघालेला रायझेन ७ ५७००एक्स३डी हा जुन्या पिढीचा प्रोसेसर, बायॉस अद्ययावत केल्यावर, आमच्या जुन्या मदरबोर्डावरच बसणार होता. दोहोंतही ८ कोअर, आणि दोहोंतही ९६ मेगाबाइट एल३ कॅश. ही कॅश म्हणजे काय तें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें स्वयंपाकघरांत जावें. हाताशीं असलेला मसाल्याचा डबा ही कॅश, आणि माडीवरची कोठी ही रॅम. डबा मोठा असला म्हणजे चिमूटभर हळदीसाठीं जिना चढावा लागत नाहीं. आमच्या जुन्या प्रोसेसरचा डबा अवघा १६ मेगाबाइटांचा होता.

“बाबा, आठवडाभर तर थांबावयाचें आहे,” मुलगा म्हणाला, “तो याहून पुष्कळ वेगवान आहे.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु नव्या प्रोसेसरास एएम५ जातीचा नवा मदरबोर्ड हवा, आणि डीडीआर५ जातीची नवी रॅम हवी. म्हणजे आठवडाभर थांबण्याचा अर्थ तीन वस्तू घेणें असा होता. आणि तेवढे पैसे मुलाच्या शिलकींत नसल्यामुळें ते त्याच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेंतून उचलावे लागले असते. तसें करावयाचें नसेल तर आणखी वर्ष-दीड वर्ष पैसे सांठवावे लागले असते. तोंवर त्याहूनही नवा प्रोसेसर क्षितिजावर दिसूं लागलाच असता.

या धंद्याचा हा स्वभावच आहे. एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षीं दुप्पट होईल असें भाकीत गॉर्डन मूर यांनीं १९६५ सालीं केलें, आणि १९७५ सालीं तो अवधि दोन वर्षांवर नेला. अशा बाजारांत वाट पाहणाऱ्यास वाट पाहण्यास नेहमींच सबळ कारण मिळतें. बालपण आपल्याच देशांत घालविलेल्या अॅडम ऑस्बोर्न यांनीं १९८१ सालीं हातांत उचलून नेण्याजोगा संगणक १७९५ डॉलरांस विक्रीस काढला, व तो झपाट्यानें खपला. पुढें नव्या नमुन्याची वार्ता आधींच फुटल्यामुळें गिऱ्हाइकें ‘नवा येऊं दे’ म्हणून थांबलीं, आणि १९८३ सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें, असें सांगतात. दिवाळ्याचीं इतरही कारणें असतील. पण गिऱ्हाइकांच्या थांबण्यांत केवढें बळ असतें हें त्यावरून दिसतें.

थांबणें सर्वदा अयोग्य असा मात्र माझा सिद्धान्त नाहीं. वस्तु येण्याचा दिवस व किंमत ठरलेली असेल, ती आपल्या ऐपतींतली असेल, आणि चालू यंत्रावर काम भागत असेल, तर थांबावें. नवें म्हणजे निर्दोष असेंही नव्हे. इंटेल कंपनीच्या १३व्या व १४व्या पिढीच्या कित्येक प्रोसेसरांत विद्युद्दाब प्रमाणाबाहेर वाढून बिघाड होतो हें २०२४ सालीं उघड झालें, व कंपनीस त्यांची हमी दोन वर्षांनीं वाढवावी लागली. शिवाय मदरबोर्डाचें आयुष्य पाहावें. इंटेलचा २०२१ सालचा सॉकेट २०२४ सालीं बदलला. उलट एएमडीचा एएम४ सॉकेट २०१६ पासून टिकला, म्हणूनच आम्हांस निवडीस जागा होती.

अखेर वादाचा निकाल मुलाच्या आईनें लावला. ती म्हणाली, “दीड वर्षानें हा वसतिगृहांत जाणार. मग तें नवें यंत्र घरांत कोणासाठीं?” आम्ही दोघे डॉलर, कोअर व मेगाबाइट मोजीत होतों, तिनें घरांतले उरलेले दिवस मोजले. आम्ही जुन्या मदरबोर्डासाठीं तो जुन्या पिढीचा प्रोसेसर घेतला. बारावीच्या अभ्यासास बाध येऊं नये म्हणून खेळ केवळ रविवारीं दुपारीं, असा करार झाला व तो पाळलाही गेला. आमच्या नगरांतील गाड्या पुन्हां धांवूं लागल्या. नदीपलीकडे नवीन वसाहत झाली. आणि तिच्या सांडपाण्याचा नळ कोठें सोडावा याविषयीं बापलेकांत जो वाद झाला, तसा मोकळा वाद अभ्यासाविषयीं बोलतांना आमच्यांत कधीं झाला नव्हता.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे रॅमचा ओघ वळला, आणि डीडीआर५ च्या किंमती कित्येक ठिकाणीं दुपटीवर गेल्या. मुलगा म्हणाला, “बाबा, तुम्हांला हें आधींच कळलें होतें काय?” मुळींच नाहीं. तो केवळ योगायोग. किंमती उतरल्या असत्या तरीही आमचा निर्णय योग्यच ठरला असता, कारण तो किंमतीच्या भाकितावर उभारलेला नव्हता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कित्येकांपुढें आज हाच प्रश्न असेल. अडतें कोठें तें आधीं तपासा. एका वस्तूमागून किती वस्तू येतील तें पाहा. पैसा कोणाचा व कशासाठीं ठेवलेला तें विचारा. आणि ती वस्तु कोणाबरोबर व किती दिवस वापरणार याचा हिशेब करा. चारही उत्तरें अनुकूल असलीं तर खुशाल घ्या, आणि त्यानंतर वर्षभर नव्या प्रोसेसरच्या वार्ता वाचूं नका. एक जरी उत्तर प्रतिकूल असलें तर थांबा. परंतु थांबण्यासही मोल पडतें, एवढें ध्यानांत असूं द्या. तें पावतीवर छापलेलें नसतें, म्हणून तें फुकट आहे असें मात्र समजूं नका.