बेटाची पाठ

बोट सुटणार नाही, असा निरोप सकाळी सात वाजता आला, तेव्हा मी डब्यात दशम्या भरत होते. खिडकीतून समुद्र बरा दिसत होता, निदान मला तरी. गुहागरात जन्म गेलेल्या बाईला समुद्र कळतो, असा माझा समज. पण इथला समुद्र वरून नाही, आतून वाईट. टोक आणि बेट यांच्यामध्ये जेमतेम तीन किलोमीटर पाणी. मात्र वारा एकीकडे आणि भरतीची ओढ दुसरीकडे लागली, की त्यातून होडी घालायला कोणी धजत नाही. कधीकधी बेटावर गेलेली माणसं दिवसचे दिवस तिकडेच अडकतात म्हणे.

गावाचं नाव ॲबरडॅरन. वेल्सच्या वायव्येला ल्हीन नावाचं द्वीपकल्प हात लांब करून समुद्रात शिरतं, त्याच्या बोटाच्या पेराशी हे वसलंय. 'ॲबर' म्हणजे नदीचं मुख. डॅरन नावाचा ओढ्याएवढा प्रवाह इथे समुद्राला मिळतो. पलीकडचं बेट इंग्रजीत बार्डसी, वेल्शमध्ये एन्ल्ही. त्या 'ल्ह'साठी जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. मला तो पहिल्या दिवशीच जमला, ह्यांना शेवटपर्यंत नाही.

मुलगी बर्मिंगहॅमला असते. तिथून आम्ही तिघं पुल्हेलीच्या गाडीत बसलो. ही गाडी वाटेत दोन तुकडे होऊन दोन दिशांना जाते आणि आम्ही नेमके भलत्या डब्यात. ऐनवेळी सामान उचलून पळालो. पुढचा रस्ता मात्र डोळ्यांचं पारणं फेडणारा: बार्मथचा लाकडी खांबांवरचा लांबलचक पूल, हार्लेकचा किल्ला, डावीकडे सतत समुद्र. मधली काही स्टेशनं इतकी छोटी की फलाटावरून हात केला तरच गाडी थांबते. 'हात दाखवा, गाडी थांबवा' हे आमच्या एसटीचं ब्रीद वेल्सच्या रेल्वेत सापडेल असं वाटलं नव्हतं.

पुल्हेलीहून बस. तिच्यात म्हाताऱ्या बायका आणि ड्रायव्हर यांच्या गप्पा सुरू होत्या, एकही शब्द इंग्रजी नाही. बिलायतेत येऊन इंग्रजी ऐकू येईना, याची मला गंमत वाटली. रस्त्यावर जागोजागी मोठ्या अक्षरांत ए-आर-ए-एफ लिहिलेलं. म्हणजे 'हळू', आणि वाचायचं 'आरव', कारण वेल्शमध्ये एक एफ म्हणजे 'व'. दुकानात विचारलं तर पावाला 'बारा' म्हणतात. मनुके घातलेला एक गोड पाव असतो, तो 'बारा ब्रिथ', ठिपक्यांचा पाव. लोणी लावून फारच छान लागतो.

बोट नाही म्हटल्यावर त्या पहिल्या सकाळी गाव बघितलं. बघायला दहा मिनिटं पुरतात. दोन लहान पूल, पांढरी घरं आणि 'अ गेगिन वाउर', म्हणजे मोठं स्वयंपाकघर. एन्ल्हीला निघालेल्या यात्रेकरूंना इथे जेवण मिळे अशी आठवण सांगतात. आता तिथे कॅफे आहे. बेटावर सहाव्या शतकात संत कॅडवननं मठ स्थापला आणि वीस हजार संत तिथल्या मातीत आहेत, अशी श्रद्धा. मध्ययुगात एन्ल्हीच्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक, असं मानत. पुण्याचा एवढा रोखठोक हिशेब ऐकून हे म्हणाले, "आपली तर पहिलीच अजून जमा व्हायचीय."

चर्च अगदी किनाऱ्याला खेटून. स्मशानाची उतरण थेट समुद्राच्या भिंतीपर्यंत जाते. लाटांचा आवाज आत बाकावरही ऐकू येतो. कोपऱ्यात दोन उभे दगड आहेत, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे, त्यांवर वेराकियस आणि सेनाकस या दोन पुरोहितांची नावं लॅटिनमध्ये कोरलेली. नांगराच्या फाळानं निघालेल्या वीरगळासारखे ओबडधोबड. मी हात लावला. तिथे 'लावू नये' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

याच चर्चमध्ये 1967 ते 1978 कवी आर. एस. टॉमस धर्मगुरू होते. कार्डिफला जन्मलेला हा माणूस वेल्श शिकला तो मोठेपणी. कविता आयुष्यभर इंग्रजीत लिहिल्या, आत्मचरित्र मात्र वेल्शमध्ये, आणि त्याचं नाव ठेवलं 'नेब', म्हणजे 'कोणी नाही'. मुलगी नातवाशी इंग्रजीत बोलते, यावरून आमच्यात अधूनमधून वाजतं. त्या दिवशी मी काही बोलले नाही. तीच म्हणाली, "आई, तुझ्या मनात काय चाललंय ते कळतंय हं मला."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच निरोप. वर पाऊस. आम्ही भाड्यानं घेतलेल्या घरात बसून होतो. शेजारच्या आजी बोलायला आल्या, त्यांनी सहज सांगितलं, की हिवाळ्यात या ओळीत दोनच खिडक्यांत दिवा असतो. बाकी घरं सुट्टीवाल्यांची. ग्विनेथ परगण्यानं 2023पासून अशा घरांवर नेहमीच्या घरपट्टीवर आणखी दीडशे टक्के लावलेत, तरी गावच्या पोरांना घर परवडत नाहीच. कोकणातही बंद घरं कमी नाहीत, पण तिथे कुलपाची किल्ली निदान गावच्याच चाकरमान्याकडे असते. आम्ही ज्या घरात चहा पीत होतो, तेही त्याच ओळीतलं. आजींनी तसं म्हटलं नाही. मीच कप खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. वारा मात्र होताच, त्यामुळे बोट नाही. सकाळी पोर्थोरला गेलो. इथली कोरडी वाळू पायाखाली वाजते. शीळ म्हणतात तिला, पण खरं सांगायचं तर नव्या कोल्हापुरीसारखी करकरते. ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय घासत, अख्खा किनारा वाजवला.

संध्याकाळी मिनिद मौर या टेकडीवर. वर महायुद्धातल्या टेहळणी ठाण्याचे काँक्रीटचे चौथरे उरलेत. लाल चोचीचे, लाल पायांचे कावळे वाऱ्यावर गिरक्या घेत होते. खाली कड्याच्या पायथ्याशी मेरीची विहीर आहे. भरतीचं खारं पाणी तिच्यावरून जातं, तरी झरा गोडाच. तिथलं पाणी तोंडात धरून, न गिळता, न सांडता वर आलं, की इच्छा पुरी होते म्हणतात. माझे गुडघे पाहता तो नवस माझ्यासाठी नव्हता. मुलगी अर्ध्यापर्यंत उतरली आणि घसरण बघून शहाण्यासारखी परत आली.

समोर एन्ल्ही. बेटाचा डोंगर आपल्याकडे पाठ करून बसलाय. घरं, मठाचा पडका मनोरा, सगळं त्याच्या पलीकडे. इकडून दिसते ती नुसती हिरवी-तपकिरी पाठ आणि डावीकडे सपाटीवर 1821 सालचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा चौकोनी दीपस्तंभ. माझी आई चार वेळा पायी पंढरपूरला गेली. एका वर्षी दर्शनाची रांग संपेना, म्हणून कळसाला हात जोडून परतली. "झालं की दर्शन," म्हणाली होती, आणि तिच्या आवाजात तडजोड अजिबात नव्हती.

दीपस्तंभाचा लाल दिवा लागला. मी डबा उघडला. दुधातल्या दशम्या तिसऱ्या दिवशीही मऊ होत्या.

हे म्हणाले, "लसणीची चटणी आणायला हवी होती."