वाटूरच्या धुळीत टिकणारा संगणक

मुलांनो, जालन्याहून मंठ्याकडे निघालात की वाटेत आमचा वाटूर फाटा लागतो. परतूरला जाणारी माणसं इथंच वळतात. आजूबाजूला काळी जमीन, कपाशी, सोयाबीन. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, वाऱ्यासंगं धूळ उठते आणि वीज? ती तिच्या मर्जीची!

अशा गावातली सातवीतली पोरं विचारतात, "गुरुजी, मोठे गेम चालतील असा कम्प्युटर कोणता घ्यावा?" आणि बाप विचारतो, "किती वर्सं चालंल?" मला बापाचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. कापसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात ना!

आता मोठा गेम म्हणजे केवढा? २०२० साली आलेला मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटरच बघा. त्यात खऱ्या पृथ्वीवरून विमान उडवता येतं. आपलं लोणार जवळच आहे. तिथलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आकाशातून शोधायला काय मजा येईल! पण या गेमला डिस्कवर १५० जीबी जागा लागते आणि १६ जीबी रॅम असावी, असं कंपनीच सांगते. शिवाय इंटरनेट हवंच.

बैल घेताना आपण दात बघतो, नुसती झूल बघत नाही. दुकानात लाल-निळे दिवे लावलेली पेटी दिसली की हे आठवा, बरं का! खेळासाठी लॅपटॉपपेक्षा टेबलावरचा संगणक बरा, असं माझं मत. लॅपटॉपमधली ग्राफिक्सची चिप बहुधा बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. ती बदलता येत नाही. टेबलावरच्या संगणकात आज ठीकठाक कार्ड घ्या, चार वर्षांनी दुसरं बसवा. एएमडीचं एएम-फोर हे सॉकेट पाहा ना. २०१७ सालच्या रायझनसाठी घेतलेल्या कितीतरी मदरबोर्डांवर २०२२ साली आलेला प्रोसेसरही चालला, फक्त बायोस अद्ययावत करावं लागलं. म्हणून दुकानदाराला विचारा, "या बोर्डावर पुढं काय बसंल?"

फार जुना, स्वस्तातला संगणकही जपूनच घ्या. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या प्रोसेसरांना स्वीकारतच नाही.

आता आमच्या गावाची खरी गोष्ट. पैसे कमी पडले की लोक पॉवर सप्लाय हलका घेतात. असं करू नका! विजेचा दाब खालीवर झाला की पहिला मार तोच खातो, आणि हलका असला तर जाताना दुसरे भागही घेऊन जातो. सोबत यूपीएस ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत बोर्डाचं तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग गेम अडखळतो आणि पोरं म्हणतात, संगणक जुना झाला! पुष्कळदा आत फक्त धूळ आणि कापसाचे तंतू बसलेले असतात. जाळी असलेली पेटी घ्या, दोन-तीन महिन्यांनी बंद करून, वायर काढून, घरातल्या मोठ्यांकडून ब्लोअरनं साफ करून घ्या. पत्र्याच्या तापणाऱ्या भिंतीला ती चिकटवू नका. आणि आईनं हौसेनं विणलेला तो रुमाल? संगणक चालू असताना तेवढा काढून ठेवा.