द्वितीयेची ओहोटी

आमच्या कर्जतच्या पेज नदीला भर उन्हाळ्यातही पाणी असतं, ते भिवपुरीच्या वीजघरामुळे. १९२२ साली टाटांनी सुरू केलेलं हे वीजघर घाटावरचं पाणी खाली उतरवतं. यंत्रं चालली की नदी चढते, थांबली की ओसरते. लहानपणापासून मी गळ टाकत आलो तो याच चढ-उताराच्या हिशेबानं. पाणी चढायला लागलं की काठची माती सुटते, तिच्यातले किडे वाहू लागतात आणि शेंगटी कडेला येते. तेव्हा गळाला गांडूळ. दगडाखालच्या वामीसाठी मुठा फोडून त्याचं मांस लावायचं, हे वाडीवरच्या एका कातकरी दोस्तानं शिकवलं. या दोन आमिषांवर माझी पंधरा वर्षं निघाली.

मग एकदा रेवदंड्याला गेलो. डब्यात घरच्या परसातली लठ्ठ गांडुळं, ओल्या मातीसकट. गळ खाडीत टाकला आणि थोड्या वेळानं ओढून पाहिला, तर गांडूळ पांढरं पडून दोऱ्यासारखं लोंबत होतं. दुसरं लावलं, तेही तसंच. शेजारी पाण्यात वाकून शिवल्या काढणाऱ्या मावशींनी मान वर केली. म्हणाल्या, "बाला, गोड्या पाण्यातलं जित्राब खाऱ्यात कसं राहील? इथला मासा काय खातो ते तरी बघ." आणि टोपलीतल्या चार शिवल्या माझ्या हातावर ठेवल्या.

तेव्हापासून मी शिवल्या काढायला शिकलो, आणि ते गळ टाकण्यापेक्षा मोठं काम आहे. आधी पंचांग. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करतात. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी, सकाळी साडेसातला, पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं चढतं तितकंच लांब ओसरतं आणि एरवी झाकलेली वाळू उघडी पडते. अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं ओसरत नाही, तेव्हा जाऊन काही उपयोग नाही. म्हणून मी द्वितीया धरतो. पहाटे चारला कर्जत सोडायचं, खोपोली-पेण करत उजाडता उजाडता खाडीवर.

चिखलमिश्रित वाळूत जवळजवळची दोन बारीक भोकं दिसली की खाली शिवली आहे असं समजायचं. मला मात्र डोळ्यांपेक्षा पाय बरे वाटतात. अनवाणी उभं राहून टाच हळूहळू फिरवायची. कडक, गुळगुळीत, किंचित हलणारं काही लागतं. दगड हलत नाही, शिवली आत सरकते. तेवढ्यात बोटं घालायची. रुपयाच्या नाण्याएवढी असेल तर परत ठेवतो. ती वाळू शिवल्या काढणाऱ्या बायकांच्या पोटाची आहे, बाजारात शिवल्यांचे वाटे लावून त्यांचं घर चालतं. आमिषाला मला पंचवीस-तीस पुरतात, त्याच्यावर एकही घेत नाही. कालवं मी फोडत नाही. मांस फार मऊ, गळावर टिकत नाही आणि खडकावरून ती सोलताना निम्मी वाया जातात.

शिवल्या ओल्या गोणपाटात सावलीला ठेवायच्या, गोड्या पाण्यात कधीच नाही. उघडी दिसली की टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकायची. सुरीचं टोक दोन शिंपांच्या फटीत घालून आतले दोन स्नायू कापले की शिंप आपोआप सैल होते. आत जिभेसारखा पांढरट, चिवट भाग असतो, तो तिचा पाय. गळ आधी त्यातून ओवायचा, मग बाकीचं मऊ मांस वर गुंडाळायचं आणि शिवणाच्या सुती दोऱ्यानं पाच-सहा वेढे द्यायचे. गाठ लागत नाही, दोरा ओला झाला की धरून बसतो. मुडदुशीचं तोंड लहान, तिला पायाचा एवढासा तुकडा पुरे. शिंगाळ्याला अख्खी शिवली. उरलेल्या जाड्या मिठात रात्रभर दाबल्या तर पाणी सुटून चामड्यासारख्या होतात आणि गळावर दुप्पट टिकतात. ताजीचा वास त्यांना येत नाही, पण गढूळ पाण्यातल्या शिंगाळ्याला त्या चालतात.

गेल्या वर्षी अशाच मिठातल्या सात-आठ शिवल्या घेऊन परतताना खारपाड्याच्या पुलाखाली थांबलो. इथली पाताळगंगा म्हणजे आमच्या खालापूरचंच पाणी. खोपोलीचं वीजघर १९१५ पासून ते घाटावरून खाली सोडतंय. वर खोपोलीला तेच पाणी गोडं, इथं धरमतर खाडीची भरती त्यात शिरते. खालापूरच्या डोहात मी त्याच नदीला गांडूळ दिलं असतं. इथं शिवली लावली. भरती नुकतीच लागली होती, काठावरचा चिखल बुडायला लागला होता. दोरी बोटावर घेऊन बसलो. आधी दोन हलके टोचे, मग एक लांब ओढ. वर आला तो पिवळट पोटाचा शिंगाळा, आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात माझा सुती दोरा अजून पाचही वेढ्यांनिशी शिवलीला धरून होता.