मळ्यातले रंग, पेटीतले रंग

मखमलाबादकडच्या आमच्या मळ्यात सापांची ओळख रंगावरून चाले. हा गव्हाळ नाग, तो काळा. धामण एका बांधावर पिवळसर, तर दुसऱ्यावर करडी-काळपट. पण जात एकच, हे गड्यांना पक्कं ठाऊक असे. नागपंचमीला घरात दिंडं उकडत असताना दारात गारुडी यायचा. फण्यावरचा दहाचा आकडा कुणाचा ठसठशीत, कुणाचा पुसट असतो, हे आजीने मला तेव्हाच दाखवलं.

गारुड्याच्या त्या करंडीचं मात्र आता कौतुक करवत नाही. आतला नाग दात काढलेला, उपाशीतहानेला असे; दूध पचत नसूनही तहानेपोटी प्यायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचा बडगा उगारल्यावर तो खेळ ओसरला, हे फार चांगलं झालं.

आज शहरातल्या गंगापूर रोडवरच्या मुलाला साप माहीत असतो तो फोनवरचा: पश्चिम आफ्रिकेचा बॉल पायथन, नाहीतर अमेरिकेचा कॉर्न स्नेक. लिंबासारखा पिवळा, केशरी, मध्येच कोरा पांढरा. पाळण्यासाठी पेटीत पैदास केलेल्या या रंगरूपांना मॉर्फ म्हणतात. काळं रंगद्रव्यच नसलेला एक कॉर्न स्नेक १९५३ साली उत्तर कॅरोलायनात सापडला. साध्या मादीपासून त्याला झालेली पिल्लं साधीच दिसत होती. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच अंगावर उमटतो. म्हणून तशी पिल्लं मिळायला पुढची पिढी, म्हणजे १९६१ साल उजाडावं लागलं. रानात असं उजळ पिल्लू घारीच्या नजरेतून सहसा सुटत नाही. पेटीत त्यालाच जास्त किंमत येते.

किंमत आली की चोरवाटाही येतात. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटं-केकच्या पुड्यांमधून नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक निघाले.

मला सर्वांत जास्त लागतं ते 'स्पायडर' नावाच्या बॉल पायथनचं. अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक रेघ. बघत राहावी अशी. पण ती नक्षी देणारं जनुकच त्याचा तोल बिघडवतं. डोकं डुगडुगतं, मान पिळवटते, कधी भक्ष्यावरचा नेमही चुकतो. गारुडी पकडलेल्या नागाचे दात काढायचा. इथे व्यंग जन्माच्या आधीच ठरवून घेतलं जातं, तेही नक्षीसाठी. ही पैदास थांबलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आणि रंगच बघायचे, तर आपला तस्कर साप आहे ना! शास्त्रज्ञ पूर्वी त्याला कॉर्न स्नेकच्याच गटात धरत. तपकिरी अंग, पुढच्या भागावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी, शेपटीकडे धावत गेलेले गडद पट्टे. बिनविषारी, उंदरांवर जगणारा. मळ्यांच्या जागी बंगले उठले तरी तो अधूनमधून पंपाच्या खोलीत निघतो. सर्पमित्र त्याला धरून न्यायला आले की शेजारची मुलं मी मुद्दाम हाक मारून बोलावतो.