चार रिकामे बाइट

खारघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मायक्रोप्रोसेसरची प्रॅक्टिकल्स घेते. मुलं ८०८६ ची असेंब्ली शिकतात ती डॉसबॉक्सच्या काळ्या पडद्यावर. तीन कमांड सगळ्यांना तोंडपाठ असतात: टासम, टीलिंक आणि मग प्रोग्रामचं नाव. उत्तर आलं की प्रिंटआउट जर्नलमध्ये लावायचा आणि सही घ्यायची. मधे तयार होणारी ऑब्जेक्ट फाइल कुणीच उघडून बघत नाही. मला मात्र या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते.

म्हणून गेल्या मार्चमध्ये नेमलेले प्रयोग संपल्यावर मी एका बॅचला लिनक्सच्या मशीनवर बसवलं. असेंब्लर घेतला नॅझम. सायमन टॅथम आणि ज्युलियन हॉल यांनी १९९६ मध्ये लोकांपुढे आणलेला, फुकट मिळणारा. प्रोग्राम मुद्दाम लहान ठेवला, पण दोन फाइलींत. ‘मुख्य’ ही फाइल ५ आणि ७ हे आकडे रजिस्टरमध्ये ठेवते आणि ‘बेरीज’ला कॉल करते. ‘बेरीज’चा कोड दुसऱ्या फाइलमध्ये.

पहिल्याच कमांडला एरर आली. बायनरी फॉरमॅटमध्ये बाहेरची नावं चालत नाहीत, असा तिचा अर्थ. फॉरमॅट सांगितला नाही की नॅझम नुसते सपाट बाइट लिहितो, आणि ‘बेरीज दुसरीकडे आहे’ ही नोंद ठेवायला त्यात जागाच नसते. -एफ एल्फ६४ लावल्यावर फाइल झाली. फाइलमधली नावं दाखवणारं एनएम चालवलं तर ‘बेरीज’पुढे यू हे अक्षर दिसलं: नाव माहीत आहे, पत्ता नाही. मग ऑब्जडम्पने बाइट उघडले. बीएफ ०५ ०० ०० ०० म्हणजे ५ रजिस्टरमध्ये ठेवा, बीई ०७ ०० ०० ०० म्हणजे ७ ठेवा. ५ आणि ७ तिथे उघड दिसत होते. पुढे कॉल आला: ई८ ०० ०० ०० ००.

“मॅडम, हा शून्यावर उडी मारतोय?” कामोठ्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं.

नाही. असेंब्लरने ते चार बाइट रिकामे सोडलेत आणि त्याच फाइलमध्ये शेजारी लिहून ठेवलंय, की या जागी ‘बेरीज’चं अंतर भरायचं आहे. हीच रीलोकेशनची नोंद. जे माहीत आहे ते पक्कं लिहायचं, जे माहीत नाही त्याची जागा आणि नाव पुढच्यासाठी नोंदवून ठेवायचं. या प्रामाणिकपणावर माझा फार जीव आहे. आयआयटी मुंबईत शिकवलेल्या प्रा. ढमढेरे यांच्या पुस्तकातून आमची मुलं टू-पास असेंब्लर शिकतात: पहिल्या फेरीत नावांचा तक्ता, दुसरीत कोड. परीक्षेत तो तक्ता ती बिनचूक भरतात. पण एकाच फाइलमधलं, पुढे येणारं नाव दुसऱ्या फेरीत सुटतं. दुसऱ्या फाइलमधलं नाव कितीही फेऱ्या मारल्या तरी सुटणार नाही, हे त्या दिवशी त्यांना डोळ्यांनी दिसलं. केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर डेव्हिड व्हीलरने १९४९ मध्येच या प्रश्नाला हात घातला होता, कारण लायब्ररीतला तयार सबरूटीन मेमरीत कुठे बसेल हे आधी ठाऊक नसे.

मग एलडी या लिंकरने दोन्ही फाइली जोडल्या. प्रोग्रामचा एक्झिट कोड १२ आला, पण आता सगळ्यांची नजर कॉलवर होती: ई८ ११ ०० ०० ००. फळ्यावर हिशोब मांडला. ‘मुख्य’चा कोड २४ बाइटचा, पुढचा तुकडा १६ च्या पटीतल्या जागेवर सुरू होतो, म्हणून ‘बेरीज’ ३२ वर. अंतर मोजायचं ते कॉलनंतरच्या सूचनेपासून, ती १५ वर. ३२ वजा १५, म्हणजे १७, हेक्समध्ये ११. लॅबमध्ये एकदम गलका झाला.

त्या मुलीने तोवर कमांडमध्ये फाइलींची नावं उलटी टाकली होती: आधी ‘बेरीज’, मग ‘मुख्य’. आता कॉल झाला ई८ ई१ एफएफ एफएफ एफएफ. ऑब्जेक्ट फाइलींना कुणी हातही लावला नव्हता. ‘बेरीज’ ० वर गेली, ‘मुख्य’ १६ पासून सुरू झाली, पुढची सूचना ३१ वर. म्हणजे ३१ पावलं मागे, उणे ३१. उत्तर पुन्हा १२ च.

मागच्या बाकावरून कुणीतरी तिसरी फाइल घालूया म्हणालं. पोरांनी वजाबाकीची छोटीशी फाइल लिहिली, आणि यावेळी एलडी चालवण्याआधी दोन्ही कॉलची अंतरं वहीत काढली.